कोरी बाटली

तुमच्या शाळेतून बाहेर पडलेली काही मुले-मुली दोनतीन वर्षांनी विज्ञान शाखेच्या पदवीवर्गात माझ्यापुढे येऊन बसतात. त्यांना रसायनशास्त्राची सूत्रे येतात, समीकरणे तोलता येतात, आणि काचेची नळी न फोडता हाताळताही येते. एवढी तयारी असूनही पहिल्या वर्षी त्यांच्याकडून एक सवय मोडवून घ्यावी लागते. ती कोणती, व ती मोडण्यासाठी आम्ही दरसाल सिद्धेश्वरच्या जलाशयावर का जातो, हे या वार्षिकांकाच्या वाचकांस व त्यांच्या पालकांस सांगावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

प्रयोगशाळेतील आपला नेहमीचा प्रयोग कसा असतो ते सर्वांच्या परिचयाचे आहे. शिक्षक एक द्रावण देतात. त्यात काय व किती आहे हे त्यांना ठाऊक असते; मागील वर्षाच्या मुलांनाही ठाऊक असते; आणि त्यांच्या नोंदवह्या वसतिगृहाच्या माळ्यावर सुखरूप असतात. मग ब्युरेटचे वाचन ९.८ आले काय किंवा १०.४ आले काय, वहीत १०.१ च उतरते. याला आमची मुले ‘वाचन जुळविणे’ म्हणतात, आणि त्यात काही वावगे आहे असे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. मी मुलांना फारसा दोष देत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत आहे, त्या प्रश्नापुढे मनुष्य उत्तर शोधीत नाही, विचारणाऱ्याचा चेहरा पाहतो. तेव्हा असा प्रश्न हवा होता की ज्याचे उत्तर विद्यार्थ्यास नाही, मला नाही, आणि कोणत्याही जुन्या वहीत नाही. पाण्यातील लेशमात्र धातूंचा शोध हा तसा प्रश्न आहे, म्हणून मी तो निवडला.

सिद्धेश्वर हे औंढा नागनाथ तालुक्यातील गाव. पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते व पुढे गोदावरीस मिळते. वाटेत १९६० नंतरच्या दशकात तिच्यावर दोन धरणे बांधली गेली. वरचे येलदरी, परभणी जिल्ह्यात. खालचे सिद्धेश्वर, आमच्या हिंगोली जिल्ह्यात. येलदरीचे पाणी वीज उत्पन्न करून खाली येते व सिद्धेश्वरी विसावते. तेथून कालव्यांनी ते शेतांस जाते आणि नळांनी हिंगोली शहरास. म्हणजे माझ्या वर्गातील पुष्कळ मुले ज्या पाण्याचा चहा पिऊन येतात, त्याच पाण्याची ती परीक्षा करावयास निघतात. ही गोष्ट मी त्यांस प्रथम सांगतो, कारण लांबच्या नदीविषयी निष्काळजी होणे सोपे असते.

आता ‘लेशमात्र’ म्हणजे किती? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आय. एस. १०५००, सन २०१२) शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. ही संख्या फळ्यावर लिहिली असता मुले ती निमूटपणे उतरून घेतात. तिचा अर्थ मात्र मनात उतरत नाही. म्हणून मी एक हंडा मांडतो. पंधरा लिटर पाण्याच्या हंड्यात बारीक मिठाच्या दोनतीन कणांइतक्या वजनाचे शिसे असले, की मर्यादा गाठली. वर्गात शांतता पसरते. एखादी मुलगी लागलीच विचारते, “सर, एवढेसे शिसे तर आपल्या बोटालाही लागलेले असेल!” तिने विचारले नाही तर मी वाट पाहतो, कधीतरी कोणीतरी विचारतेच, आणि मग खऱ्या अभ्यासास आरंभ होतो.

पहिला आठवडा नुसत्या बाटल्या धुण्यात जातो. काचेऐवजी पॉलिथिनच्या बाटल्या घ्यावयाच्या, साबणाने धुवावयाच्या, मग विरल नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून ठेवावयाच्या, आणि शुद्ध पाण्याने अनेकदा विसळून, तोंड झाकून, स्वच्छ पिशवीत ठेवावयाच्या. आम्ल ओतताना डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे, आणि आम्ल पाण्यात घालावयाचे, पाणी आम्लात कदापि नाही, हा नियम मी एवढ्या वेळा उच्चारतो की मुले माझ्यामागे त्याची नक्कल करतात. (करोत. नक्कल करणाऱ्याच्या तो लक्षात तरी राहतो.) एका पालकांनी मला भेटून विचारले होते, की मुलगा पदवी घेण्यास आला आहे, बाटल्या घासण्यास नव्हे. मी त्यांना ती बाटली दाखविली व म्हटले, की हिच्या भिंतीला चिकटलेले आपल्या डोळ्यांस न दिसणारे जे काही असेल, ते पुढे नदीच्या नावावर लिहिले जाईल. ते गृहस्थ सराफ होते. त्यांना ताजव्याचे पारडे पुसण्याचे महत्त्व सांगावे लागले नाही.

प्रत्येक गटात चार विद्यार्थी, आणि प्रत्येक गटाजवळ तीन बाटल्या. एकीत जलाशयाचे पाणी घ्यावयाचे. दुसरीतही जलाशयाचेच, परंतु तिच्यात मी शिशाच्या प्रमाण द्रावणाची मोजलेली मात्रा घालतो व ती कोणास सांगत नाही. ती मात्रा मुलांच्या हिशेबात परत सापडली पाहिजे. तिसरी बाटली सर्वांना निरर्थक वाटते. तिच्यात प्रयोगशाळेतील शुद्ध पाणी भरून ते सिद्धेश्वरला न्यावयाचे, नावेत तिचे झाकण इतर बाटल्यांइतकाच वेळ उघडावयाचे, तिच्यातही तेवढेच आम्ल घालावयाचे, आणि परत आणावयाचे. तिने सर्व प्रवास करावयाचा. फक्त जलाशयाचे पाणी तिला शिवू द्यावयाचे नाही. शास्त्रात हिला कोरा नमुना म्हणतात. मुले तिला ‘कोरी’ म्हणतात.

दिवाळीची सुटी संपून पाणी निवळले, म्हणजे आम्ही जातो. पावसाळ्यातील गढूळ पाण्यात काळ्या मातीचे सूक्ष्म कण तरंगत असतात. त्यात आम्ल टाकले की मातीतील धातू सुटून पाण्याच्या खात्यात जमा होतो, म्हणून गाळून घेतल्यावाचून आम्ल घालू नये, हे तेथे प्रत्यक्ष दाखविता येते. नाव एका वृद्ध मासेमाराची. त्यांना सारे मामा म्हणतात. पहिल्या वर्षी एका मुलास वाकून बाटली भरताना पाहून मामांना दया आली, आणि त्यांनी आपला लखलखीत पितळी तांब्या पुढे केला. “ह्येनं घ्या की बाळा.” मुलगा गोंधळला. मग त्याने अत्यंत नम्रपणे सांगितले, की मामा, तुमच्या तांब्यातले तांबे आणि जस्त आम्हाला पाण्यात सापडेल, आणि आम्ही ते नदीचे म्हणून लिहू. मामांनी तांब्याकडे उलटसुलट पाहिले व म्हणाले, “चाळीस वरीस झाले, अजून तर झिजला नाही.” एवढ्या सूक्ष्म झिजेचा विचार करावयाचा असतो हे पाठ्यपुस्तकाच्या दहा पानांनी जितके समजले नसते, तितके त्या एका वाक्याने समजले. नाव ज्या दिशेने चालली त्या दिशेला हात लांब करून, पृष्ठभागावरील तवंग टाळून, हातभर खाली बाटली उघडावयाची. अंगठ्या, बांगड्या, मनगटी घड्याळ काठावर.

परत आल्यावर धीराची खरी कसोटी लागते. आम्हाला ज्या यंत्रावर मोजमाप करू दिले जाते, ते ज्वालेवर चालणारे अणुशोषणाचे यंत्र आहे. त्याचे तत्त्व ऑस्ट्रेलियातील अ‍ॅलन वॉल्श यांनी १९५५ साली प्रसिद्ध केले. ते तत्त्व सुंदर आहे. प्रत्येक धातूचे अणू ठराविक रंगाचाच प्रकाश शोषून घेतात. तेव्हा शिसे शोधावयाचे असेल तर शिशाचाच दिवा लावावयाचा, त्याचा प्रकाश ज्वालेतून पाठवावयाचा, ज्वालेत आपला नमुना फवारावयाचा, आणि प्रकाश किती कमी झाला ते पाहावयाचे. शिशाचा दिवा शिशाखेरीज इतर कोणाची फारशी विचारपूस करीत नाही. परंतु या यंत्राची दृष्टीही मर्यादित आहे. शिशाचे प्रमाण लिटरमागे दहावीस मायक्रोग्रॅमच्या आसपास आले की त्याला धूसर दिसू लागते, आणि मानकाची मर्यादा नेमकी तेथेच, दहा मायक्रोग्रॅमवर आहे. म्हणून एक लिटर पाणी मंद आचेवर, न उकळू देता, २५ मिलिलिटर होईपर्यंत आटवावे लागते. त्यात जवळजवळ एक दिवस जातो. मुले कंटाळली, की मी त्यांना बुन्सेनची हकीकत सांगतो. ज्यांच्या नावाचा बर्नर तुमच्या शाळेतही आहे तेच हे बुन्सेन. १८६० साली त्यांना व किर्खोफ यांना ड्युर्कहाइम येथील झऱ्याच्या पाण्यात, ज्वालेच्या वर्णपटात, पूर्वी कोणी न पाहिलेल्या निळ्या रेषा दिसल्या. सीझियम या नव्या धातूची ती खूण होती. त्याचे अवघे काही ग्रॅम लवण मिळविण्यासाठी सुमारे ४४ टन पाणी आटवावे लागले. आमचे काम एका लिटरचे!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गटाचे वाचन आले, त्यातून कोऱ्या बाटलीचे वाचन वजा केले, आणि उत्तर शून्याच्या खाली गेले. सिद्धेश्वरच्या पाण्यात शिसे उणे! कोरी बाटली जलाशयापेक्षा मलिन निघाली होती. गटातील एकाने हळूच सुचविले की ‘शून्य’ लिहावे. शून्य दिसावयास बरे दिसते, आणि कोणाचे त्यात काही बिघडत नाही. दुसऱ्याने शेजारच्या गटाचे उत्तर विचारून आणले. तिसरी मुलगी, जिच्या हातात लेखणी होती, ती उठून माझ्याकडे आली व म्हणाली, “सर, बरोबर उत्तर काय आहे?” मी म्हणालो, “मला माहीत नाही.” तिला प्रथम हे खरे वाटले नाही. शिक्षक काही लपवून ठेवीत आहेत असेच तिला वाटले असावे. मी पुन्हा सांगितले, की मला खरोखरच माहीत नाही. बाटली तुम्ही भरली, तुम्ही आणली, तुम्ही आटवली. ती परत गेली, आणि वहीत जी उणे संख्या आली होती ती तिने शाईने लिहिली.

मग शोध सुरू झाला. आम्ल तपासले, शुद्ध पाणी तपासले, चंचुपात्रे तपासली. सर्व निर्दोष. शेवटी बाटल्यांची पेटी पाहू लागलो, तो झाकणाच्या आतल्या कडेस एक लहानसा केशरी ठिपका. निघण्याच्या दिवशी सकाळी त्या मुलीने गावच्या मारुतीच्या पाराजवळून येताना, काम निर्विघ्न व्हावे म्हणून, पेटीला शेंदराचे बोट लावले होते. पूर्वापार शेंदूर म्हणजे शिशाचे तांबडे ऑक्साइड. तो ठिपका ओल्या कागदाने टिपून आम्लात विरघळविला आणि यंत्रापुढे धरला, तेव्हा यंत्राचा काटा शब्दशः टोकास गेला असता, यंत्रास काटा असता तर! मुलीचे डोळे भरून आले. तिची भक्ती निर्मळ होती. रसायनशास्त्राला तेवढेच कळत नाही. मी तिला सांगितले, की शून्य लिहिले असते तर हा ठिपका आपल्याला कधीच सापडला नसता. तिची ती वही मी पुढच्या वर्गांना दाखविण्यासाठी मागून घेतली आहे.

याच ठिकाणी मी वर्गाला क्लेअर पॅटर्सन यांच्याविषयी सांगतो, आणि येथे जरा अधिक रेंगाळतो. १९४८ च्या सुमारास शिकागो येथे हा तरुण खडकांतील शिसे मोजून पृथ्वीचे वय काढण्याच्या खटपटीत होता. त्याचे वाचन कधीच स्थिर येईना. जेथे अत्यल्प शिसे असावयाचे तेथे पुष्कळ निघे. इतर कोणी सरासरी काढून मोकळा झाला असता. पॅटर्सन यांनी आपल्या खोलीतील हवा, धूळ, नळाचे पाणी, काचसामान, आम्ल, कपडे, स्वतःची त्वचा, एकेक तपासले, आणि प्रत्येकात शिसे निघाले. वर्षानुवर्षे त्यांनी केवळ स्वच्छतेवर खर्च केली. पुढे कॅलिफोर्नियात त्यांनी अत्यंत निर्मळ अशी प्रयोगशाळा उभारली, आणि १९५६ साली पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. ती संख्या आजही जवळजवळ तशीच मान्य आहे. परंतु त्यांच्या मनातून तो प्रश्न गेला नव्हता: हे सर्वत्र पसरलेले शिसे आले कोठून? सागराच्या खोल पाण्यापेक्षा वरच्या थरात ते अधिक, ध्रुवप्रदेशातील जुन्या बर्फापेक्षा नव्या बर्फात अधिक. त्याचा मोठा भाग मोटारींच्या पेट्रोलमध्ये मिसळलेल्या शिशाचा होता. हे बोलून दाखविल्याबद्दल त्यांना उद्योगपतींचा रोष पत्करावा लागला. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. जगातील शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, ती २०२१ साली बंद केली. इतक्या मोठ्या गोष्टीचा उगम एका मलिन कोऱ्या नमुन्यात होता.

जलाशयाच्या काठचा गाळही आम्ही तपासतो, आणि तेथे निराळाच धडा मिळतो. एका गटाने गाळातील तांब्याचे प्रमाण काढले, ग्रंथातील जागतिक सरासरीशी ताडून पाहिले, आणि “प्रदूषण! प्रदूषण!” करीत धावत आला. मी त्यांना खिडकीतून बाहेरचा काळा दगड दाखविला. आपले दख्खनचे पठार ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे बनले आहे, आणि या काळ्या पाषाणात तांबे मुळातच पृथ्वीच्या कवचाच्या सरासरीहून अधिक असते. ग्रंथातील सरासरी ग्रंथकाराच्या जगाची. पूर्णेच्या खोऱ्याची सरासरी पूर्णेच्या खोऱ्यातच शोधावी लागते. त्या मुलांनी मग मनुष्याचा हात न लागलेल्या खोल थरातील माती आणून तुलना केली. त्यांपैकी एकाचे वडील शेतकरी. त्यांनी मुलास विचारलेला प्रश्न त्याने मला येऊन विचारला: जमिनीत एवढे धातू आहेत, तर आमच्या पिकाला जस्ताचे खत का द्यावे लागते? प्रश्न अगदी योग्य होता. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत जस्त असते, पण ते मुळांना सुटून मिळत नाही. धातू किती आहे आणि तो कोणत्या रूपात आहे, या दोन निरनिराळ्या गोष्टी होत.

वसमतकडील एका विद्यार्थ्याने घरची हळद आणली होती. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा घरात अभिमान आणि थोडी धास्तीही होती. कारण हळदीला चकाकी यावी म्हणून शिशाचे पिवळे क्रोमेट चोपडण्याची दुष्ट रीत कोठे कोठे आढळते, हे त्याने वाचले होते. बांगलादेशात २०१९ साली बाजारातील तपासलेल्या हळदीच्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसे आढळले होते. सरकारने तपासणी व दंड सुरू केल्यावर २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आले. आमच्या विद्यार्थ्याने हळदीची राख विरल सल्फ्युरिक आम्लात घेऊन, गाळून, डायफेनिलकार्बाझाइडचे थेंब टाकले. क्रोमेट असल्यास गुलाबी रंग येतो. आला नाही. मुले टाळ्या वाजविणार तोच तो म्हणाला, “थांबा. रसायन जुने असेल तर?” त्याने त्याच हळदीच्या दुसऱ्या चिमटीत क्रोमेटचा कण मुद्दाम मिसळून तीच कृती पुन्हा केली, गुलाबी रंग भरभरून आला. तेव्हा कोठे त्याने घरी दूरध्वनी केला. कोणीही न सांगता त्याने हे केले, याचा मला त्या वर्षीच्या निकालाहून अधिक आनंद झाला.

शेवटी राहिले पत्र. मामांनी पहिल्याच वर्षी विचारले होते, “मास्तर, हे पाणी आमी पितोत. पिऊ का नको, तेवढं सांगा.” मी ते काम वर्गावर सोपविले: मामांना व ग्रामपंचायतीस मराठीत एक पानी उत्तर लिहावयाचे. पहिला मसुदा एका ओळीचा झाला, की पाण्यात शिसे नाही. त्यावर वादंग माजले. ‘नाही’ आणि ‘आढळले नाही’ यांत किती अंतर आहे यावर दोन तास चर्चा झाली. मराठीच्या तासालाही एवढी चर्चा होत नाही असे आमचे भाषाशिक्षक म्हणाले. दुसऱ्या मसुद्यात इतक्या अटी व दशांश अपूर्णांक शिरले की मामांनी तो होडीच्या फटीत कोंबला असता. तिसऱ्यात असे लिहिले, की हा विद्यार्थ्यांचा अभ्यास आहे, दाखला नव्हे; आम्ही चार धातू शोधले; अमुक प्रमाणाखाली आमच्या यंत्रास दिसत नाही; एकाच ठिकाणच्या आमच्या दोन बाटल्यांत जो फरक पडला तो अमुक इतका; रोगजंतू आम्ही मुळीच पाहिले नाहीत, आणि त्यांचे भय अधिक असते, म्हणून पाणी गाळून व उकळून घ्यावे; पक्का निर्णय हवा असल्यास जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेकडे नमुना द्यावा, तो कसा भरावा हे आम्ही दाखवू.

दोन मुली ते पत्र घेऊन गेल्या व त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखविले. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. “म्हंजे समदं कळलं नाही म्हणा की.” “समदं नाही कळलं, मामा,” एक म्हणाली, “पण कुठवर कळलं ते कळलं.” मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी घरामागचा हापसा दाखविला आणि पुढल्या खेपेस एक बाटली त्याचीही न्यावी असे सांगितले. तांब्या मध्ये आणणार नाही, हेही आपण होऊन सांगितले. या वर्षी त्या हापशासाठी दोन बाटल्या अधिक आम्लात बुडविल्या आहेत. त्यांतली एक कोरी.